फॅन लागला की टेंपरेचरचा काटा उडतो, गरम इंजिनाला सेल्फ लागत नाही : किट-कारचं दर पावसाळ्यानंतरचं दुखणं

लक्षणं ओळखीची वाटतील. गाडी किट-कार, म्हणजे सुटे भाग जोडून घरी बांधलेली, जुन्या लोटस सेव्हन या छोट्या उघड्या स्पोर्ट्स कारच्या पद्धतीची : चौकोनी पाइपांची चेसी, त्यावर रिव्हेट मारलेले ॲल्युमिनियमचे पत्रे, पुढे फायबरचं नाक, आत जिप्सीचं १२९८ सीसीचं इंजिन. दसऱ्याच्या सुमारास कव्हर काढलं, बॅटरी जोडली, पहिल्याच सेल्फला चालू. आवारात चकरा मारल्या तरी कुठे खोट दिसत नाही. मग गाडी टेंपोत घालून कोईमतूरला करी स्पीडवेच्या रेस ट्रॅकवर नेली की चार-पाच फेऱ्यांत नाटकं सुरू. रेडिएटरचा फॅन लागतो आणि त्याच क्षणी टेंपरेचरचा काटा ९० वरून १०५ कडे उडी मारतो. फॅन थांबला की काटा खाली. वरच्या आरपीएमला मधूनच मिसिंग, म्हणजे इंजिन अडखळतं. पिटमध्ये येऊन इंजिन बंद केलं आणि पुन्हा सेल्फ मारला की नुसतं ‘टक्’. अर्ध्या तासाने तीच गाडी काही घडलंच नाही अशा थाटात चालू होते.

यानंतर काय होतं तेही ठरलेलं आहे. थर्मोस्टॅट बदलतो, मग सेन्सर, मग बॅटरी, शेवटी सेल्फ मोटार. गुहागरच्या एका मित्राच्या गाडीत सेल्फ मोटारी दोनदा बदलून झाल्या होत्या, आणि गंमत म्हणजे दोन्ही वेळा गाडी बरी झाली होती. होणारच. मोटार बदलायची तर आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढावा लागतो, अर्थिंगचा बोल्ट सैल करून पुन्हा आवळला जातो, त्यात थिंबलखालचा (वायरच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीखालचा) गंज खरवडला जातो आणि काही महिने करंट नीट वाहतो. श्रेय मिळतं नव्या पार्टला. पुढचा पावसाळा सरला की दुखणं परत.

पाणी एका सेकंदात पंधरा अंशांनी तापत नाही. काटा फॅनच्या स्विचबरोबर नाचत असेल तर तो इंजिनाचं तापमान दाखवत नाहीये, तुमचं अर्थिंग दाखवतोय. वर सांगितलेल्या तिन्ही तक्रारी बहुतेक वेळा एकाच ठिकाणाहून येतात.

करंट परत कुठून जातो

साध्या मोटारीची बॉडी म्हणजे वेल्ड केलेली पत्र्याची एकसंध पेटी. करंटला परतायला तिथे पुष्कळ वाटा असतात, एखादी बंद झाली तरी कळतही नाही. सेव्हनमध्ये तो लाड नाही. फायबरमधून करंट जात नाही, पत्रे रिव्हेटवर टेकलेले, चेसीवर पावडर कोटिंग, इंजिन रबरी माउंटवर बसलेलं. इंजिन आणि चेसी यांच्यात विजेचा संबंध काय तो एका जाळीदार अर्थ-पट्टीचा. त्यात वजन मागे न्यायचं म्हणून बॅटरी सीटच्या मागे हलवलेली असते, आणि तिचा निगेटिव्ह बहुतेक जण तिथेच मागे चेसीला ठोकून मोकळे होतात. म्हणजे सेल्फ मारताना जाणारा सगळा करंट चेसीतून, त्या पट्टीतून आणि चार-पाच बोल्टांखालून जायचा.

इंजिन चालू असताना मामला उलटा होतो. आता वीज पुरवतो तो अल्टरनेटर, आणि तो बसलाय इंजिनावर. त्याचा करंट फॅनमधून जाऊन चेसीवर येतो आणि पट्टीतून इंजिनाकडे परततो. पट्टी खराब असेल तर चेसी इंजिनापेक्षा थोड्या वरच्या व्होल्टेजवर तरंगत राहते. डॅशबोर्डवरच्या टेंपरेचरच्या घड्याळाचा अर्थ चेसीवर असतो, इंजिनाचं तापमान घेणाऱ्या एका वायरच्या सेंडरचा अर्थ मात्र त्याच्या आट्यांतून थेट इंजिनावर. घड्याळाला वाटतं सेंडरचा रेझिस्टन्स उतरला, म्हणजे इंजिन तापलं. फॅन १० अँपिअर ओढत असेल आणि पट्टीच्या टोकांवर ०.०३ ओहम जमला असेल तर ०.३ व्होल्टचा फरक पडतो. काटा हलवायला तेवढा पुरतो. डॅशबोर्डचा स्वतःचा अर्थ कच्चा असला तरीही काटा असाच वर जातो, म्हणून काट्यावरून घाईने निष्कर्ष काढू नये, मोजून बघावं.

मिसिंगचंही तेच. कंपनीच्या हार्नेसमध्ये (वायरींच्या जुडग्यात) ईसीयूचे, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचे, अर्थ साधारणपणे इंजिनावर घेतलेले असतात. किट बांधताना हार्नेस आखूड करण्याच्या नादात ते जवळच्या पाइपवर येतात. मग पंप, फॅन, कॉइल या सगळ्यांचा करंट ईसीयूच्या पायाखालची जमीन हलवत राहतो.

एक गोष्ट मात्र थट्टेवारी न्यायची नाही. पट्टी पुरती गेली की सेल्फचे शंभर-दीडशे अँपिअर दुसरी वाट शोधतात : क्लचची केबल, ॲक्सिलरेटरची केबल, स्टीलच्या जाळीचा पेट्रोल पाइप. दोन-तीनदा सेल्फ मारून क्लच केबलच्या टोकाला हात लावा. ते कोमट लागलं तर पुढची तपासणी होईपर्यंत गाडी हलवू नका. केबलच्या आतलं प्लास्टिकचं अस्तर वितळून ॲक्सिलरेटर अर्ध्यावर चिकटला तर काय होईल, ते करीच्या सरळ पट्ट्यावर अनुभवायची गरज नाही.

किनाऱ्यावरच का

पुण्याकडच्या गाड्यांना हा त्रास नाही असं नाही, पण तिथे तो अनेक वर्षांनी येतो. फरक मिठाचा. नुसतं मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, त्याला साधारण ३३ टक्के आर्द्रताच पुरते. कोकणातल्या पावसाळ्यात हवा बहुतेक वेळ ७५ च्या वर. त्यामुळे शेडच्या आत, थेंबही न पडलेल्या जागी, थिंबलवर बसलेली धूळ चार महिने खारट पाण्याचा पातळ थर होऊन राहते. जांभ्याच्या भिंती ओल धरून ठेवतात, ते वेगळंच.

हा थर वरवर राहिला असता तर पुसून काढता आला असता. पण वायर म्हणजे शेकडो बारीक तारांचा जुडगा, आणि समईच्या वातीत तेल चढावं तसं ते खारं पाणी तारांमधल्या फटींतून इन्सुलेशनच्या आत चढतं. बाहेर थिंबल चकचकीत, आत तांबं काळं. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात बोटींचं वायरिंग करणारे एक काका आहेत. त्यांच्याकडे वायर नेली की ते मीटरला हात लावत नाहीत. थिंबलच्या मागे दोन बोटं अंतरावर वायर चिमटीत धरून हळूच वाकवतात. चांगली वायर मऊ वाकते. खराब वायर आतून बारीक कुरकुरते, बोटांना कळेल इतपत. “ही कापा,” एवढंच ते म्हणतात. कापली की आत हिरव्या-काळ्या चुऱ्यात बसलेल्या तारा दिसतात, आणि चांगलं तांबं लागेपर्यंत कधी कधी वीतभर मागे जावं लागतं. तिथे नवं थिंबल लावण्यात अर्थ नसतो, अख्खी केबलच बदलायची.

थंड असताना गाडी चालते आणि गरम झाल्यावर का नाही, याचंही उत्तर इथेच आहे. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.४ टक्क्याने वाढतो. सायलेन्सरजवळून गेलेली केबल ३० वरून १०० अंशांवर गेली की तिचा रेझिस्टन्स पाव हिश्शाहून जास्त वाढलेला असतो. सेल्फ मोटारीच्या गुंडाळ्यांचंही तेच. थंडीत कसंबसं भागणारं अर्थिंग गरम झाल्यावर कमी पडतं.

मोजायचं कसं

सगळ्यात आधी, मल्टिमीटर ओहमवर लावून अर्थिंग तपासायचा नाद सोडा. बीप वाजला म्हणजे अर्थिंग चांगलं, हा गॅरेजमधला गोड समज आहे. मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रेझिस्टन्स ०.१ ते ०.३ ओहम असतो. आपल्याला शोधायचाय ०.००५ ओहम, कारण १५० अँपिअरला तेवढाही पाऊण व्होल्ट खातो. वीस तारांपैकी एक शाबूत असली तरी बीप वाजतो.

म्हणून भार घालून व्होल्टेज मोजायचं. पेट्रोल पंपाचा फ्यूज काढा, म्हणजे इंजिन चालू राहणार नाही. गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. मीटर डीसी २ व्होल्टवर. लाल टोक इंजिनाच्या ब्लॉकवर घासून उघड्या केलेल्या धातूवर, काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर. खांबावर म्हणजे खांबावरच, क्लॅम्पवर नाही, कारण खांब आणि क्लॅम्प यांच्यातला गंजही आपल्याला पकडायचाय. दुसऱ्याला पाच सेकंद सेल्फ मारायला सांगा आणि आकडा बघा.

बॅटरी इंजिनाजवळ असेल तर ०.२ व्होल्टच्या आत यायला हवा. बॅटरी मागे असेल तर केबलचा हिशेब धरावा लागतो : ३५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलला मीटरमागे साधारण ०.०००५ ओहम, तीन मीटरला ०.००१५, आणि १५० अँपिअरला त्यातच ०.२२ व्होल्ट जातो. ०.३ पर्यंत दिसलं तर घाबरायचं कारण नाही. अर्धा व्होल्ट म्हणजे दुखणं आहे. एक व्होल्टच्या पुढे गेलं तर क्लच केबल आपोआपच कोमट लागणार.

मग वाट तोडत जायचं. लाल टोक ब्लॉकवरच ठेवून काळं टोक पट्टीच्या चेसीकडच्या थिंबलवर, मग थिंबलशेजारच्या उघड्या चेसीवर, मग मागे बॅटरीच्या अर्थ-बोल्टवर, मग केबलच्या दोन्ही टोकांना, शेवटी क्लॅम्पवर. प्रत्येक वेळी सेल्फ, मध्ये मोटारीला थोडी विश्रांती. ज्या दोन बिंदूंमध्ये आकडा एकदम उडी मारतो तिथे चोर. थिंबल आणि त्याला चिकटलेली चेसी, या दोन मिलिमीटरच्या अंतरात ०.४ व्होल्ट दिसला की पावडर कोटिंग अजून खाली आहे हे समजून जा.

निगेटिव्ह बाजूला काहीच सापडलं नाही तर तीच पद्धत पॉझिटिव्ह बाजूला वापरा आणि लाल किल्लीचा मेन कट-ऑफ स्विच मध्ये घेऊन मोजा. ट्रॅकवर तो लागतोच, आणि स्वस्तातल्या स्विचचे आतले संपर्क खाऱ्या हवेत लवकर काळे पडतात. त्याच्या दोन खांबांमध्ये सेल्फ मारताना ०.१ व्होल्टहून जास्त दिसलं तर स्विच फेका.

यानंतर फ्यूज परत लावून इंजिन चालू करा. फॅन, लाइट, पंप सगळं चालू. आता चेसी आणि ब्लॉक यांच्यात मोजा : आकड्याचं चिन्ह मघापेक्षा उलटं आलेलं दिसेल, ते बरोबर आहे. चालू इंजिनावर ०.१ व्होल्टच्या आत हवं. मग डॅशबोर्डच्या अर्थ-वायरपासून चेसीपर्यंत, आणि ईसीयूच्या अर्थ-पिनेपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत. ईसीयूला मी ०.०५ च्या वर सोडत नाही.

कायमचा इलाज

घासून, ग्रीस लावून पुन्हा आवळणं हा इलाज एका मोसमापुरताच. मूळ आखणी बदलायला हवी : बॅटरीचा निगेटिव्ह थेट इंजिनावर न्यायचा, बेलहाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या कवचाच्या) मोठ्या बोल्टखाली. तिथून दुसरी जाड पट्टी चेसीला. असं केलं की सेल्फचा करंट चेसीत शिरतच नाही, आणि चेसीवर फक्त लाइट, फॅन, पंप एवढंच राहतं. ईसीयूचे अर्थ सगळे एकत्र करून त्याच ब्लॉकवर, पण दुसऱ्या बोल्टखाली. नाकातल्या फॅनला आणि हेडलाइटला फायबरवर विसंबायचं नाही, त्यांची अर्थ-वायर ओढून मागे चेसीच्या एकाच खुंटीवर आणायची.

मागून पुढे केबल ओढायची म्हटल्यावर वजनाचा विषय निघतो. हलकेपणावर जीव असणारी मंडळी इथे ग्रॅम मोजतात. ३५ ऐवजी ५० चौरस मिलिमीटरची केबल घेतली तर मीटरमागे साधारण १३० ग्रॅम तांबं वाढतं, तीन मीटरला ४०० ग्रॅम. सकाळचा नाश्ता टाळला तर तेवढं सुटतं. मी ५० घेतो.

केबल कल्हई केलेल्या तांब्याची घ्या, बोटींना वापरतात ती. प्रत्येक बारीक तारेवर कथलाचा थर असतो, त्यामुळे पाणी आत चढलं तरी तांब्याला सहजासहजी भिडत नाही. बंदराजवळच्या बोटीच्या सामानाच्या दुकानात मीटरवर मिळते. थिंबलही कथील चढवलेलंच, आणि ते हातोडीने ठोकून बसवायचं नाही. षटकोनी डायचं क्रिम्पिंग यंत्र बोटीच्या वायरमनकडे असतं, त्याच्याकडून दाबून घ्या. फक्त जून-जुलैत जाऊ नका : १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, सगळ्या बोटी किनाऱ्याला लागलेल्या असतात आणि त्याला मान वर करायला फुरसत नसते. क्रिम्पवर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह चढवा, गरम केल्यावर तिच्या टोकाला गोंद बाहेर डोकावला पाहिजे. साधी स्लीव्ह नुसती दिसायला बरी, पाणी तिच्या खालून जातंच. क्रिम्पवर वरून सोल्डर ओतायची सवय असेल तर सोडा. सोल्डर जिथे संपतो तिथे वायर ताठ होते आणि ट्रॅकच्या थरथरीत तिथेच तुटते.

चेसीवर अर्थ-बोल्टसाठी पाइपला भोक पाडायचं नाही. पाइप कमजोर होतोच, शिवाय त्या भोकातून खारी हवा आत शिरून पाइप आतून गंजतो आणि वरून कळतही नाही. एखाद्या ब्रॅकेटवर एम-८ चा बोल्ट वेल्ड करून घ्या. त्याच्या बुडाशी नाण्याएवढी जागा पॉलिश पेपरने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा, थिंबल थेट त्या लोखंडावर, वॉशर थिंबलच्या वर. थिंबलखाली स्टेनलेसचा वॉशर घालणारे बरेच आहेत, पण तांब्याच्या मानाने स्टेनलेस फारच वाईट वाहक. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर तर तांब्याचं थिंबल कधीच ठेवायचं नाही, एका पावसाळ्यात पत्र्याला पांढरं पीठ सुटून भोक पडतं. आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली जाडसर फासा. आधी आवळायचं, मग फासायचं.

अर्थिंगसारखं दिसणारं दुसरं काही

मिसिंग फक्त लांब वळणावर आणि टाकी अर्ध्याखाली असताना येत असेल तर पेट्रोल टाकीच्या एका बाजूला पळतंय, पंप हवा ओढतोय. टाकी भरून तीच फेरी मारा, मिसिंग गेलं तर हा सगळा लेख बाजूला ठेवून टाकीत फोम किंवा वेगळी सर्ज टाकी (पंपाला सतत पेट्रोल देणारी छोटी टाकी) घाला. काटा हळूहळू चढून वरच राहत असेल तर इंजिन खरंच तापतंय. इन्फ्रारेड थर्मामीटरने थर्मोस्टॅट हाउसिंगचं तापमान बघा, काट्यावर वाद घालू नका.

पावसाळ्यात गाडी ठेवताना

ताडपत्रीने गच्च गुंडाळलेली गाडी आतून घामेजते. सुती कव्हर, खाली हवा खेळेल अशी जागा, आणि शक्य असेल तर एक छोटा पंखा सतत चालू. बॅटरी काढून घरात. ठेवण्याआधी गाडी धुवायची ती नळाच्या पाण्याने. किनाऱ्यालगतच्या बऱ्याच विहिरी आणि बोअर खारट असतात, त्यांनी धुणं म्हणजे मीठ चोळणं. प्रेशर वॉशर कनेक्टरवर मारू नका. आणि उंदीर. शेडमधल्या वायरी कुरतडायला त्यांना पावसाळाच सापडतो, त्यामुळे ऑक्टोबरमध्ये मीटर काढण्याआधी हार्नेसवरून एकदा टॉर्च फिरवा.

वर्षातून एकदा, कव्हर काढल्यावर, सेल्फ मारतानाचा ब्लॉक-ते-खांब आकडा फायरवॉलवर मार्करने तारखेसह लिहून ठेवा. ०.२४ चं पुढच्या वर्षी ०.२६ झालं तर चालतं. ०.४० झालं तर टेंपो ठरवण्याआधी पाना हातात घ्या.

दोन्ही बाजूंचे आकडे ठीक आहेत आणि तरीही गरम असताना ‘टक्’ होतंय, अशी एक जात उरते. तेव्हा सोलेनॉइडच्या (सेल्फ मोटारीवरच्या चुंबकी स्विचच्या) बारीक वायरवर सेल्फ मारताना व्होल्टेज बघा. ती वायर इग्निशन स्विचमधून, कट-ऑफमधून, कधी पुश-बटनातून फिरून येते आणि वाटेत दोन-तीन व्होल्ट गमावते. गरम सोलेनॉइडला तेवढ्यावर दांडा पूर्ण खेचता येत नाही. बॅटरीला दिसणाऱ्या व्होल्टेजपेक्षा तिथे एका व्होल्टहून जास्त घट असेल तर सोलेनॉइडजवळ ४० अँपिअरचा रिले बसवा, त्याला सेल्फच्या मोठ्या पॉझिटिव्ह खांबावरून मध्ये फ्यूज घालून जाड वायर द्या, आणि स्विचची जुनी वायर फक्त रिले ओढण्यापुरती ठेवा. सेल्फ सायलेन्सरच्या कुशीत बसलेला असेल तर मध्ये पत्र्याची एक आडोशाची पट्टीही लावून घ्या, दोन्हीकडे बोटभर हवा सोडून.